पॉइंट भरपूर, पण वेरूळला खोली का मिळत नाही?

क्रेडिट कार्डाच्या ॲपमध्ये सतरा हजार पॉइंट दिसत असतात. वर जाहिरात असते, 'पॉइंट वापरा, मोफत मुक्काम करा'. सुट्टीत घरच्यांना वेरूळ-अजिंठा दाखवायचं म्हणून माणूस ॲप उघडतो आणि पाहुण्यांनी सांगितलेली लेण्यांजवळची दोन-तीन हॉटेलं शोधतो. ती यादीतच नसतात. एखादं सापडलंच तर हॉटेलवाल्याने फोनवर सांगितलेल्या भावापेक्षा तिथला भाव पाच-सहाशेने जास्त असतो. नांदेड, परळी, तुळजापूर, अंबाजोगाईची यादी तर आणखीच आखूड.

यात लबाडी असतेच असं नाही. हॉटेलमालकाला वीजबिल, धोबी आणि पोरांचे पगार रुपयांत द्यावे लागतात. पॉइंट देऊन तुम्ही राहिलात, तरी त्याच्या खात्यात कुणीतरी रुपये टाकलेच पाहिजेत. ते कुणी टाकायचे हे जिथे आधी ठरलेलं आहे, तिथे पॉइंट चालतात. जिथे ठरलेलं नाही, तिथे पॉइंट लाखभर असले तरी उपयोग नाही.

पॉइंट नेमके कुणाचे आहेत?

आधी हे पाहून घ्या, कारण निम्मा घोळ इथेच होतो. पॉइंट तीन तऱ्हेचे असतात.

पहिले बँकेचे. कार्डाने खरेदी केली की मिळतात आणि बँकेच्या पोर्टलवर, गिफ्ट व्हाउचरसाठी किंवा कार्डाच्या बिलात वळते करून वापरता येतात. दुसरे हॉटेल-साखळीचे, म्हणजे एकाच नावाने गावोगाव हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीचे: मॅरियटचे बॉनव्हॉय, हिल्टनचे ऑनर्स, आयटीसीचे क्लब आयटीसी, ताज-विवांता-जिंजरवाल्या कंपनीत चालणारे टाटांचे न्यूकॉइन. तिसरे बुकिंग ॲपच्या पाकिटातले. ते त्या ॲपपुरतेच, आणि बहुतेकदा एका बुकिंगला त्यातला थोडाच भाग वापरू देतात.

स्वतंत्र हॉटेल म्हणजे यातल्या कुठल्याच साखळीत नसलेलं, मालक स्वतः चालवतो ते. मराठवाड्यात बहुतेक हॉटेलं याच प्रकारची. छत्रपती संभाजीनगरात विवांता, वेलकमहॉटेल रामा इंटरनॅशनल, लेमन ट्री अशी साखळीतली नावं आहेत. शहर सोडून जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडे निघालात की बहुतेक सगळा कारभार स्वतंत्र हॉटेलांचा, लॉजचा आणि भक्तनिवासांचा.

साखळीतल्या हॉटेलला फुकटचा पाहुणा परवडतो कसा?

भिशीसारखं समजा. साखळीतलं प्रत्येक हॉटेल त्या भिशीचा सभासद असतं. पॉइंट जमवणारा पाहुणा रोख पैसे देऊन राहिला की त्याच्या बिलातले काही टक्के हॉटेल साखळीच्या सामाईक निधीत भरतं. पुढे तोच पाहुणा दुसऱ्या गावी पॉइंट देऊन राहिला, की त्या निधीतून तिथल्या हॉटेलला पैसे मिळतात. पाहुण्याला मुक्काम फुकट वाटतो, पण पैसे आधीच गोळा झालेले असतात. वेरूळच्या रस्त्यावरचा हॉटेलमालक या भिशीत नाही. त्याने कधी हप्ता भरलेला नाही, त्यामुळे त्याला कुणी पैसे देणारही नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे. निधीतून हॉटेलला मिळणारी रक्कम रोज सारखी नसते. बऱ्याच साखळ्यांत हॉटेलच्या बऱ्याच खोल्या रिकाम्या असतील त्या दिवशी निधी थोडेच पैसे देतो, साफसफाई आणि नाश्त्याचा खर्च निघून वर थोडं उरेल इतपत. हॉटेल जवळजवळ भरलं असेल तर मात्र त्या दिवसाच्या सरासरी भावाच्या आसपास देतो, कारण पॉइंटवाल्या पाहुण्यामुळे रोख देणारा गेला असं धरतात. मधल्या दिवसांची गंमत वेगळी. पाऊणएक खोल्या गेल्यात, बाकीच्या रोखीने जातील अशी मॅनेजरला आशा आहे, आणि पॉइंटवर दिल्या तर हाती कमी येणार. अशा दिवशी पॉइंटवरच्या खोल्या दिसेनाशा होतात.

"खोल्या रिकाम्या दिसतात, तरी पॉइंटवर 'उपलब्ध नाही' का येतं?" याचं निम्मं उत्तर हेच. उरलेलं निम्मं असं, की बऱ्याच योजनांत पॉइंटवर फक्त 'साधी खोली' देण्याचं बंधन असतं, आणि कुठल्या खोल्यांना साधी म्हणायचं ते हॉटेल ठरवतं. चाळीस खोल्यांपैकी बत्तीसना 'बाल्कनीवाली' असं नाव दिलं, की साध्या राहिल्या आठच. नियमही मोडत नाही.

छोट्या हॉटेलची अडचण कुठे आहे?

मालकाची इच्छा असून भागत नाही. पॉइंटवर बुकिंग घ्यायचं तर हॉटेलच्या संगणकाने चार कामं करायला हवीत: किती खोल्या शिल्लक आहेत ते त्याच क्षणी सांगणं, सभासद क्रमांक तपासणं, पॉइंट वजा झाल्याची खूण घेणं आणि महिनाअखेरीला त्याचे पैसे कुणाकडून येणार याची नोंद ठेवणं. साखळीत ही व्यवस्था मुख्यालय पुरवतं.

स्वतंत्र हॉटेलात फार तर 'चॅनल मॅनेजर' असतो. तो माणूस नव्हे, सॉफ्टवेअर आहे. एका पोर्टलवर खोली गेली की बाकीच्या पोर्टलांवरचा आकडा तो कमी करतो. समजा बावीस खोल्यांचं हॉटेल आहे. मालक सहा खोल्या ऑनलाइनला सोडतो आणि बाकी सोळा काउंटरवरच्या रजिस्टरला ठेवतो. औषध कंपन्यांचे नेहमीचे एमआर, बियाणे कंपन्यांचे प्रतिनिधी, लग्नाची पार्टी, जुने गिऱ्हाईक या सोळांवर येतात. पोर्टलवर 'फुल्ल' दिसणाऱ्या हॉटेलात फोन केला की खोली निघते ती यामुळे. उलटही होतं. रजिस्टरवर सगळ्या खोल्या गेल्या, पण ऑनलाइनचा आकडा शून्यावर आणायचा राहून गेला, की रात्री दहा वाजता दारात दोन पाहुणे आणि खोली एक.

"परदेशात तर छोट्या हॉटेलांतही पॉइंट चालतात!"

काही ठिकाणी चालतात, पण कसे ते बघा. तिथली महागडी स्वतंत्र हॉटेलं संघ करून राहतात आणि तो संघ एखाद्या मोठ्या साखळीशी करार करतो. 'स्मॉल लग्झरी हॉटेल्स ऑफ द वर्ल्ड' हा असाच एक संघ. २०१८ पासून त्यातली बरीच हॉटेलं हयात या हॉटेल-साखळीच्या पॉइंटवर मिळत. २०२४ मध्ये संघ हयातला सोडून हिल्टनकडे गेला. ठरावीक हॉटेल डोळ्यांपुढे ठेवून कुणी वर्षानुवर्षं हयातचे पॉइंट साठवले असतील, तर पॉइंट तसेच राहिले आणि हॉटेल हातचं गेलं. दरम्यान हयातने २०२३ मध्ये 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ' ही निवडक हॉटेलांचं बुकिंग करणारी कंपनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षापासून त्यातली हॉटेलं आपल्या पॉइंटवर आणली.

अशा करारांतही अडचणी असतात. संघातलं प्रत्येक हॉटेल सामील होतंच असं नाही. झालं तरी पॉइंटवर मोजक्याच खोल्या देतं. साखळीच्या जुन्या सभासदांना एरवी मिळणाऱ्या सवलती, म्हणजे मोठी खोली, उशिरा चेक-आउट वगैरे, तिथे पूर्ण मिळतील याचा भरवसा नाही. खोलीचे पॉइंटही बऱ्याचदा ठरावीक नसतात, रोख भावाबरोबर वरखाली होतात. मॅरियटने तर मार्च २०२२ मध्ये 'अमुक हॉटेलला अमुक पॉइंट' हा तक्ताच काढून टाकला. 'पॉइंट म्हणजे माझेच पैसे' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नोटेवरचा आकडा बदलत नाही. पॉइंटचं मोल मात्र देणारी कंपनी ठरवते आणि बदलतेही.

आणि एक. बँकेचे पॉइंट साखळीकडे वळवायची सोय काही कार्डांवर असते. एकदा वळवले की साधारणपणे परत येत नाहीत, आणि पोचायला कधी काही दिवस लागतात. म्हणून आधी खोली उपलब्ध आहे ते बघावं आणि मगच वळवावेत.

बँकेच्या पोर्टलवर हॉटेल दिसतं, मग अडचण काय?

अडचण भावाची. इथे बँक तुमच्या पॉइंटचे रुपये करते, ते रुपये बुकिंग कंपनीला देते आणि ती कंपनी हॉटेलला. हॉटेलला पॉइंटचा पत्ताही नसतो, त्याच्या लेखी हे रोख बुकिंगच. मधल्या कंपनीचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्के असतं आणि ते भावातूनच निघतं.

हिशोब मांडून बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत. पोर्टलवर खोली ४,००० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या खोलीवर १८. म्हणजे एकूण ४,२००. बँकेचा पॉइंट पोर्टलवर २५ पैशांना धरला तर १६,८०० पॉइंट गेले. तीच खोली हॉटेलवाला फोनवर ३,४०० ला देतो, करासह ३,५७०.

आता ते पॉइंट कार्डाच्या बिलात वळते करा. बऱ्याच बँका इथे पॉइंटला कमी भाव देतात, समजा २० पैसे. १६,८०० पॉइंटचे ३,३६० रुपये झाले. हॉटेलचं बिल थेट कार्डाने भरलं तर खिशातून वर २१० रुपये जातात. कागदावर पोर्टल २१० रुपयांनी स्वस्त पडलं. पण थेट बुकिंगमध्ये खालच्या मजल्यावरची खोली मागता येते, बेत बदलला तर मालकाशी बोलून तारीख पुढे ढकलता येते, आणि ३,५७० रुपयांच्या खर्चावर नवे पॉइंटही मिळतात. शिवाय काही बँका हॉटेल बुकिंगची सगळी रक्कम पॉइंटमधून घेतच नाहीत. ७० टक्क्यांची मर्यादा असेल तर ११,७६० पॉइंट जातील आणि १,२६० रुपये रोख भरावे लागतील. बऱ्याच बँका पॉइंट वापरण्याचे ९९ रुपये आणि वर जीएसटी घेतात, म्हणजे ११७ रुपये.

या आकड्यांवरून नियम असा निघतो: थेट भाव पोर्टलच्या भावाच्या ८० टक्क्यांच्या आत असेल तर बिलात वळते करणं सरळ फायद्याचं. ८० ते ९० च्या दरम्यान असेल तर रद्द करण्याच्या अटी बघून ठरवा. त्याच्या वर असेल तर पोर्टल. तुमची बँक दोन्हीकडे सारखाच भाव देत असेल तर स्वस्त मिळेल तिथे घ्यावं, डोकं चालवायची गरज नाही.

थेट भाव कमी असेल तर हॉटेलवाला तोच पोर्टलवर का लावत नाही? कमिशन त्याच्या खिशातून जातं म्हणून. 'आमच्यापेक्षा कमी भाव दुसरीकडे लावायचा नाही' अशा अटीही पोर्टलांनी हॉटेलांवर घातल्या होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबीबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यात या अटींचाही मुद्दा होता. भाव फोनवर सांगायचा आणि पोर्टलवर लिहायचा नाही, ही छोट्या हॉटेलवाल्यांची सवय तिथूनच आलेली दिसते.

बुकिंग झालं, पण काउंटरवर नाव नाही

ही तक्रार फार येते. बँकेचं पोर्टल बुकिंग कंपनीकडून खोली घेतं. ती कंपनी कधी ठोक व्यापाऱ्याकडून घेते, आणि तो हॉटेलकडून. तुमच्या व्हाउचरवर जो लांबलचक क्रमांक असतो तो बहुतेकदा पोर्टलचा, हॉटेलच्या रजिस्टरमध्ये तो नसतो. मधल्या एखाद्याचा ई-मेल हॉटेलवाल्याने उघडलाच नाही, की तुमचं नाव तिथे पोचलेलंच नसतं.

म्हणून बुकिंग झाल्यावर त्याच दिवशी हॉटेलला फोन करावा. "अमुक पोर्टलवरून अमुक तारखेचं बुकिंग आहे, तुमच्याकडे कुठल्या नावाने दिसतंय?" असं विचारावं. दिसत असेल तर त्यांचा स्वतःचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारावं. दिसत नसेल तर पोर्टलच्या ग्राहक सेवेला लगेच कळवावं. रात्री काउंटरवर उभं राहून भांडण्यापेक्षा हे बरं. पैसे आणि पॉइंट दोन्ही अडकले आणि पोर्टल दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

नावाचा घोळही नेहमीचा. मुलगा पुण्यात, पॉइंट त्याच्या कार्डावर आणि राहायला आई-वडील. बुकिंग मुलाच्या नावाने झालं, की काउंटरवर त्याचं आधार मागतात. पाहुण्याच्या रकान्यात राहणाऱ्याचंच नाव, आधारवर आहे तसं, भरावं. 'लोकल आयडी चालणार नाही' ही अटही वाचून घ्यावी. त्याच शहराचा पत्ता असलेल्यांना काही हॉटेलं खोली देत नाहीत, आणि त्यासाठी परतावा मिळत नाही.

गाव शोधतानाही जपून. काही पोर्टलांवर शहर अजून औरंगाबाद नावाने आहे, काहींवर छत्रपती संभाजीनगर. बिहारमध्येही औरंगाबाद आहे. घाईत तिथलं हॉटेल बुक करून नंतर रद्द करत बसणारे निघतात. धाराशिवसाठी उस्मानाबादही टाकून बघावं.

थेट पैसे दिले तर 'हॉटेलवर पाचपट पॉइंट' मिळतात ना?

कार्डावर तशी योजना असली तरी खात्री नाही. प्रत्येक स्वाइप मशीनला धंद्याचा एक चार आकडी कोड असतो. मुक्कामाच्या हॉटेलचा ७०११, खाणावळ-रेस्टॉरंटचा ५८१२. आपल्याकडे कितीतरी मालकांनी खाली भोजनालय आणि वर लॉज असं काढलेलं असतं आणि मशीन घेतलं ते भोजनालयाच्या नावावर. बँकेला दिसतं ते जेवणाचं बिल, मग पाचपटीचा प्रश्नच येत नाही. यूपीआयने दिले तर आणखी वेगळं: रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण बऱ्याच कार्डांवर अशा खर्चाला कमी पॉइंट मिळतात किंवा मिळतच नाहीत.

याच्या उलटही आहे. साखळीतलं हॉटेल बँकेच्या पोर्टलवरून घेतलं, तर साखळीचे पॉइंट आणि सभासदाच्या सवलती बहुतेकदा मिळत नाहीत, कारण त्यांच्या लेखी तुम्ही दुसऱ्याचं गिऱ्हाईक. साखळीत राहायचं तर तिच्याच ॲपवर बुक करावं.

पॉइंटच्या भानगडीत पडूच नये असे दिवस

शारदीय नवरात्रात तुळजापूर. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला परळी, औंढा नागनाथ, घृष्णेश्वर. नाथषष्ठीला पैठण. दाट लग्नतिथी असेल तर कुठलंही गाव. मे महिन्यात मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या आदल्या रात्री लातूर आणि नांदेड. या दिवसांत छोटी हॉटेलं ऑनलाइनच्या खोल्या बंद करतात, कारण फोनवरच पूर्ण भावात जातात. इथे ॲप चाळण्यात वेळ न घालवता पंधरा-वीस दिवस आधी फोन करून ॲडव्हान्स द्यावा. भाव विचारताना "टॅक्ससकट किती, चेक-आउट बाराचं की चोवीस तासांचं, जादा गादीचे किती" हे तिन्ही एकदमच विचारावं. बहुतेक भांडणं यावरूनच होतात.

एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, निवासाचं बुकिंग महामंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होतं आणि भक्तनिवासांचं संस्थानाकडे. तिथे कार्डाने पैसे भरा आणि बँक देत असेल तर पॉइंट नंतर बिलात वळते करा. आणि स्वस्त पडतं म्हणून आठवड्याच्या सुरुवातीची, परत न मिळणारी खोली घेण्याआधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी.

"तुमचे पॉइंट आज रात्री संपणार" असा मेसेज आला तर?

पॉइंटना मुदत असते हे खरं, बऱ्याच कार्डांवर दोन-तीन वर्षांची. या धास्तीवरच भामट्यांचा धंदा चालतो. स्टेट बँकेच्या रिवॉर्ड पॉइंटच्या नावाने व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवून फोन ताब्यात घेण्याचे प्रकार इतके झाले, की बँकेलाच खुलासा करावा लागला: आम्ही अशी फाइल किंवा लिंक पाठवत नाही. फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' दिसलं की न उघडता काढून टाकावी. खरी मुदत बँकेच्या ॲपमध्ये किंवा महिन्याच्या स्टेटमेंटवर दिसते.

थेट बुकिंग करतानाही डोळे उघडे ठेवावेत. नकाशावर हॉटेलच्या नावासमोर भामट्याने स्वतःचा नंबर टाकलेला असू शकतो. विशेषतः देवस्थानांच्या गावी हे चालतं. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी पडद्यावर नाव येतं ते वाचावं. हॉटेलचं किंवा मालकाचं वाटत नसेल तर थांबावं आणि हॉटेलच्या दुसऱ्या नंबरवर किंवा गावातल्या ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. पहिल्या फोनवरच पूर्ण भाडं मागणारा बहुधा हॉटेलवाला नसतो, खरा हॉटेलवाला पाचशे-हजारावर नाव लिहून घेतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.